टेबलाच्या पलीकडच्या मॅडम

डॉ. प्रज्ञा सुरवाडे माझ्याशी पहिलं वाक्य बोलल्या ते भांडणाचंच. जळगावच्या आमच्या हॉस्पिटलात मी विम्याचं टेबल सांभाळते. पेशंटची फाईल जुळवायची, कंपनीला पाठवायची, कंपनीने खुसपट काढलं की उत्तर द्यायचं, आणि नातेवाइकांच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. असोद्याहून रोज येते, जिभेला धार आहे, त्यामुळे टिकून आहे. मॅडम नव्याच आलेल्या. दारात उभ्या राहिल्या, हातात फाईल, आणि म्हणाल्या, "अक्का, या कागदावर जो असिस्टंट लिहिलाय, तो माणूस मला दाखवा."

मी पाहिलं. हर्नियाचं ऑपरेशन. खाली नेहमीचं नाव. म्हटलं, "मॅडम, ते तर केव्हाच सुरतेला गेले. फॉरमॅटमध्ये त्यांचं नाव राहून गेलंय. टायपिस्ट नुसतं पेशंटचं नाव बदलतो."

"म्हणजे टेबलाशी मी उभी होते आणि कागदावर सुरतेचा माणूस?"

"फॉरमॅटच तसा आहे हो."

"मग उद्या सकाळी फॉरमॅटलाच सांगा हात धुऊन ओटीत उभं राहायला. मी घरी झोपते."

मला हसू आलं, त्यांना नाही आलं. त्यांनी पेन मागितलं, सुरतेच्या माणसावर काट मारली, आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि बाजूला सही केली. घ्या! इतक्या वर्षांत त्या कागदावर पेन लावणारं कोणी पाहिलं नव्हतं.

ज्यांना ओटीची, म्हणजे ऑपरेशन थिएटरची, माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. मोठं ऑपरेशन एकट्याने होत नाही. टेबलाच्या एका बाजूला मुख्य सर्जन, समोरच्या बाजूला असिस्टंट. आतडं बाजूला धरून ठेवणं, रक्त टिपणं, सर्जनला पुढची जागा दिसेल असं पोट उघडं ठेवणं, टाक्याला ताण देणं, शेवटी पोट शिवणं, हे सगळं समोरच्याचं. ऑपरेशन झालं की कोणी काय केलं हे लिहायचं असतं, त्याला ऑपरेशन नोट म्हणतात. आमच्याकडे त्या नोटमध्ये सर्जनचं बारीकसारीक सगळं यायचं, आणि असिस्टंटच्या वाट्याला फक्त एक नाव. मग विमा कंपनीवाले विचारायचे की या माणसाची गरज काय होती, त्याने केलं काय? उत्तर नसायचं. असिस्टंटची फी कापली जायची आणि ती पेशंटच्या घरच्यांच्या डोक्यावर बसायची. सगळ्यांना सवय झाली होती. मॅडमना झाली नाही.

त्या स्वतः सर्जन. धुळ्याला शिकलेल्या, एम.एस. झालेल्या. स्वतःचं हॉस्पिटल काढलं असतं तर चाललं असतं, पण त्या चार हॉस्पिटलांत असिस्टंट म्हणून जायच्या. दर गुरुवारी धुळ्याला, बाकी दिवस जळगावला. लोक तोंडावर विचारायचे, "एवढं शिकून दुसऱ्याच्या हाताखाली?" त्या म्हणायच्या, "हाताखाली नाही, समोर उभी असते. येऊन बघा." मला एकदा एस.टी. स्टँडवर उसाचा रस पिताना खरं कारण सांगितलं होतं. म्हणाल्या, "अक्का, मला दोघांनी मिळून करायचं काम आवडतं. एकटीने करायला मला कंटाळा येतो." इतकं साधं. पण हे कोणाला पटायचं नाही, कारण आमच्याकडे डॉक्टर म्हटलं की बोर्ड पाहिजे, बोर्डावर दिवा पाहिजे.

बाई दिसायला किरकोळ. केस घट्ट बांधलेले, पायात कायम कॅनव्हासचे बूट, साडीवरसुद्धा तेच. वडील पाचोऱ्याला रेल्वेत होते, त्यामुळे वेळेच्या बाबतीत घरातच धाक होता. वॉर्डात राउंडला आल्या की पेशंटशी त्यांच्याच अहिराणीत बोलायच्या. एरंडोल-पारोळ्याकडची म्हातारी असली की "काय मावशी, बठ्ठं बरं शे ना?" म्हणून तिच्या खाटेवरच बसायच्या. म्हातारी खूश.

पण गोड बोलायचं म्हणून वाकायच्या नाहीत. एकदा एका पेशंटचा मोठा भाऊ, चांगला वजनदार माणूस, त्यांना सारखा आडून आडून विचारत होता. मॅडम कुठल्या, माहेर कुठलं, वडील काय करायचे, आडनाव काय म्हणालात. मी तिथेच सही घ्यायला उभी होते. हे प्रश्न कुठे चाललेत ते आपल्याला कळतंच. मॅडमनी पेशंटच्या पोटावरचा हात काढला नाही. "सुरवाडे. पाचोऱ्याचे. आम्ही बौद्ध. झालं? आता जरा बाजूला व्हा, मला यांचं पोट बघू द्या." तो माणूस बाहेर जाऊन बाकावर बसला.

चहाची गंमत सांगायची राहिली. ऑपरेशन संपलं की ओटीबाहेरच्या खोलीत चहा आणि पोहे येतात. ही आमच्याकडची जुनी पद्धत. मोठे सर, म्हणजे हॉस्पिटलचे मालक आणि मुख्य सर्जन, चहा पिऊन लगेच दुसऱ्या ऑपरेशनला नाहीतर ओपीडीला पळायचे. नोट संध्याकाळी टायपिस्ट काढायचा. मॅडम आल्यापासून चहा अडला. त्या दारातच उभ्या राहायच्या. "सर, आधी नोट." "अगं, होईल गं." "आत्ता आठवतंय तोवर होईल. संध्याकाळी सुरतेचा माणूस येईल." सिस्टर तोंडावर हात धरून हसायच्या. सर वैतागायचे, पण पोह्यांच्या वासापुढे त्यांचं काही चालायचं नाही. शेवटी मॅडमच सांगायच्या आणि सिस्टर लिहायच्या, सर सही करून कपाला हात घालायचे. वाचायचे नाहीत. न वाचता सही करायची सवय त्यांना पहिल्यापासून होती.

मॅडमची नोट ऐकण्यासारखी असायची. उगाच फुगवणं नाही. जिथे त्यांनी काही विशेष केलं नसेल तिथे, "असिस्टंटने फक्त जागा उघडी धरली, फी मागू नये," असंसुद्धा लिहायला लावायच्या. मॅनेजरच्या पोटात दुखायचं. पण कंपनीवाल्यांना हळूहळू कळायला लागलं की या बाईचं नाव असलं की लिहिलेलं खरं असतं. एकदा पुण्याहून कंपनीच्या डॉक्टरचा फोन आला. मी स्पीकरवर लावला. तो म्हणाला, "मॅडम, हे ऑपरेशन एका सर्जनने होतं." मॅडम म्हणाल्या, "तुम्ही केलंय एकट्याने?" तिकडे कागद चाळल्याचा आवाज. "या ना जळगावला. आम्ही पेशंट आणि टेबल देतो. मी समोर उभी राहते, हात मागे बांधून. करून दाखवा." त्या दिवशी पैसे पास झाले. मी फोन ठेवला आणि टाळी दिली, तर म्हणाल्या, "टाळी कसली? भिकेचे पैसे नव्हते ते."

आता नानांची गोष्ट. सावद्याचे नाना, केळीचा व्यापार, भला माणूस, पण तब्येतीकडे दुर्लक्ष. मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली. सरांनी ऑपरेशन केलं, समोर मॅडम. मी काही आत नव्हते, पण बाहेर आलेल्या सिस्टरचा चेहरा पाहूनच कळलं की आत काहीतरी झालंय. एका रक्तवाहिनीवर बांधलेली गाठ निसटली होती. रक्ताने पोट भरलं, काही दिसेना. मॅडमनी अंदाजाने हात घालून वाहिनी बोटाने दाबली आणि सरांना चिमटा लावता येईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. नाना वाचले. बाहेर आल्यावर नेहमीप्रमाणे चहाआधी नोट. मॅडमनी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं, सिस्टरनी लिहिलं, सरांनी न वाचता सही केली.

नाना घरी गेले. बिल मुलाने भरलं होतं, ते पैसे कंपनीकडून परत यायचे होते, आणि त्यावर नानांची पुढची औषधं चालणार होती. कॅन्सरची औषधं म्हणजे काय खर्च असतो ते ज्याच्या घरात आहे त्यालाच ठाऊक. त्यांचा मुलगा सुनील मोटारसायकलवर यायचा, माझ्या टेबलाशी बसायचा. "अक्का, आलं का काही?" मी म्हणायची, "मॅडमची नोट आहे रे, काळजी करू नको."

आणि त्याच नोटने घात केला. म्हणजे नोटने नाही, आमच्या मॅनेजरने. त्याने ती वाचली आणि त्याला वाटलं, अरे वा, असा मजकूर असला की कंपनी फी कापत नाही! झालं. त्याने टायपिस्टला सांगून सुरतेच्या माणसाचा फॉरमॅट काढून टाकला आणि मॅडमच्या नोटमधला तोच परिच्छेद सगळ्या फायलींना चिकटवला. हर्निया असो, पित्ताशय असो, सगळीकडे रक्तवाहिनीवरची गाठ निसटली आणि सगळीकडे डॉ. प्रज्ञा सुरवाडे यांनी ती बोटाने दाबून धरली.

मला पत्ता लागला तो आमच्याच गावच्या एका पोरीच्या अपेंडिक्सच्या फाईलवरून. ऑपरेशन गुरुवारचं. गुरुवारी मॅडम धुळ्याला असतात हे हॉस्पिटलातल्या मांजरालाही माहीत. मी फाईल धरून ठेवली आणि मॅडम आल्या तशी पुढे सरकवली. त्यांनी वाचली. मी वाट बघत होते की आता आवाज चढणार. चढला नाही. हळूच म्हणाल्या, "अजून किती आहेत?" मी कपाट उघडलं.

त्याआधी मॅडमना रागावलेलं मी खूपदा पाहिलं होतं. दुखावलेलं पहिल्यांदा पाहिलं. सुरतेचा माणूस त्यांच्या जागी होता तेव्हा त्यांना चीड होती. आता त्यांचंच नाव, त्यांचेच शब्द, आणि सगळं खोटं. मला तर मॅनेजरच्या तोंडावर फाईल मारावीशी वाटली.

तेवढ्यात कंपनीचं पत्र आलंच. कंपनीवाले काही दूधखुळे नाहीत. इतक्या पेशंटमध्ये एकच वाहिनी एकाच बाईच्या बोटाखाली सापडते म्हटल्यावर त्यांनी आमच्या सगळ्या फायली थांबवल्या. नानांचीही. चौकशीला त्यांचा डॉक्टर यायचा होता.

मॅनेजरने मार्ग काढला. मॅडमना सरांच्या केबिनमध्ये बोलावून माझ्यासमोरच म्हणाला, "मॅडम, सगळ्या ऑपरेशनांना मी हजर होते असं एक पत्र द्या. सही तेवढी करा. तुमचीच तर फी आहे, तुम्हालाच मिळेल. आणि त्या सावद्याच्या माणसाचंही सुटेल." मोठे सर खुर्चीत बसून होते. हो म्हणाले नाहीत आणि नाही म्हणाले नाहीत.

"आणि नाही दिलं तर?"

"तर सगळंच खोटं ठरेल. नानांचंही. मग बघा बुवा."

मॅडम बाहेर आल्या तर सुनील उभा. त्याच्या कानावर कोणीतरी घातलंच होतं. हात जोडून म्हणाला, "मॅडम, मले बाकी काही समजत नई. एक सही करून द्या ना. आबांची औषधं थांबतील." हा वडिलांना घरात आबा म्हणायचा. मला वाटलं, आता ही बाई मोडणार. कोणीही मोडलं असतं.

मॅडमनी त्याचे हात धरून खाली केले. "सुनील, तुझ्या आबांच्या पोटात माझा हात होता. ते खरं आहे. इतक्या खोट्यांच्या खाली ते एक खरं मी गाडू? उद्या कोणी म्हटलं की नानांचं ऑपरेशनसुद्धा कागदावरच झालं, तर तू काय सांगशील? सही मी करणार नाही. पण आबांचे पैसे आणल्याशिवाय राहणारही नाही. जा, जेवून घे." तो गेला, पण रागाने गेला. जाताना मला म्हणाला, "असल्या खरेपणाला काय चाटायचंय?"

चौकशीचा दिवस उजाडला. सरांच्या केबिनमध्ये कंपनीचा डॉक्टर, सर, मॅनेजर, मॅडम, आणि फायली हातात देण्यासाठी मी. मॅडमनी कोणाला बोलूच दिलं नाही. एकेक फाईल उचलायच्या आणि टेबलाच्या डाव्या बाजूला टाकायच्या. "ही माझी नाही. या दिवशी मी धुळ्याला होते. ही माझी आहे, पण असं काही झालं नव्हतं. ही माझी नाही." मॅनेजर पंख्याकडे बघत होता. शेवटी एकच फाईल उरली. ती उजव्या बाजूला ठेवली. "ही माझी. यातला शब्दन् शब्द खरा आहे."

कंपनीचा डॉक्टर शांत माणूस. म्हणाला, "तुम्हीच सांगता की इथे इतकं खोटं लिहिलं गेलं. मग हे एक खरं, हे कशावरून मानायचं?"

"माझ्या सांगण्यावरून मानूच नका. मी बाहेर जाते. आधी सरांना विचारा त्या दिवशी काय झालं, मग मला बोलवा. जुळलं नाही तर आम्हा दोघांनाही चोर म्हणा." आणि खरंच दार ओढून बाहेर गेल्या.

मग माझ्या लक्षात आलं की त्यांनी सरांना कुठे आणून उभं केलंय. वाहिनीवरची गाठ सरांनी बांधलेली. ती सुटली हे सांगायचं म्हणजे आपल्या हातून काय झालं ते परक्या माणसापुढे सांगायचं. जळगावात या माणसाचं नाव आहे. नानांच्या नोटआधी त्यांच्या ऑपरेशनात काही निसटलं असं कोणत्याच कागदावर आलं नव्हतं, आणि ती नोटही त्यांनी वाचली नव्हती. असिस्टंटने काय केलं हे न लिहिण्याची पद्धत का पडली असेल, तेही मला तेव्हाच उमगलं. समोरच्याने काय सावरलं हे लिहिलं, की आपल्याकडून काय सुटलं तेही लिहावं लागतं.

सर टेबलावरच्या पेपरवेटशी खेळत होते. मॅनेजर म्हणाला, "सर, तुम्हाला इतक्या पेशंटमधलं आठवत नसेल..." वाटच काढून देत होता. नुसतं "आठवत नाही" म्हटलं असतं तरी सर सुटले असते आणि नानांचे पैसे बुडाले असते.

"आठवतंय," सर म्हणाले. "गाठ माझी सुटली. मला काही दिसत नव्हतं. प्रज्ञा नसती तर तो माणूस टेबलावरच गेला असता. लिहून घ्या."

मॅडमना आत बोलावलं. त्यांनी तेच सांगितलं, अगदी रक्त धुवायच्या पाण्याची पिचकारी कोणत्या हातात होती इथपर्यंत. कंपनीच्या डॉक्टरने डाव्या बाजूचा गठ्ठा एका पिशवीत भरला आणि नानांची फाईल वेगळी हातात घेतली. नानांचे सगळे पैसे आले, असिस्टंटच्या फीसकट. बाकीच्या फायलींचं हॉस्पिटलला जे भोगायचं ते भोगावं लागलं, कॅशलेस बंद झालं, मॅनेजरची नोकरी गेली. मी राहिले. कोणीतरी फायली लावायला लागतंच.

त्या दिवशी जिन्यात मी मॅडमना गाठलं. मला राहवत नव्हतं. म्हटलं, "मॅडम, सर बोलले हो! सगळं बोलले, तोंडाने बोलले!"

"मग? जे झालं तेच बोलले ना? त्यांना काय आता हार घालायचा?" आणि बुटांचा आवाज करत खाली गेल्या. पण शेवटच्या पायरीवर क्षणभर कठडा धरून थांबल्या, ते मी वरून पाहिलं.

सरांनी त्यांना पुन्हा बोलावलं नाही. भांडण नाही, निरोप नाही, नुसता फोन येणं थांबलं. जळगावात बातमी फिरायला वेळ लागत नाही. बाकीच्या हॉस्पिटलांतूनही हळूहळू बोलावणी बंद झाली. कोण म्हणे तिरसट आहे, कोण म्हणे डोक्यावर बसते. खरं कोणी बोलत नव्हतं, की ही बाई जे घडतं ते लिहायला लावते आणि ते आपल्याला परवडत नाही. मला अजूनही याचा संताप येतो. सरांनी एका दिवसापुरती हिंमत दाखवली, पण दुसऱ्या दिवशी त्या हिमतीला समोर उभं करायची त्यांची तयारी नव्हती.

मॅडम धुळ्याला गेल्या त्या गेल्याच. फोन केला की दोन वाक्यांत ठेवायच्या.

मध्ये माझ्या धाकट्या बहिणीचं धुळ्याला ऑपरेशन निघालं, गर्भाशयाच्या गाठीचं. ती तिथेच दिलेली. मी पहाटेची गाडी धरून गेले. तिला नुकतंच आत नेलं होतं. ओटीच्या दारापुढे तिची सासू, नवरा आणि मी, तिघं धाकधुकीत बसलेलो. दार उघडलं आणि हिरव्या कपड्यातली किरकोळ बाई बाहेर आली. टोपी, मास्क, नुसते डोळे. तरी मी ओळखलं. त्यांनीही मला ओळखलं, मान हलवली, पण माझ्याशी बोलायला थांबल्या नाहीत. सरळ बहिणीच्या सासूपुढे येऊन उकिडव्या बसल्या आणि मास्क खाली केला.

"मावशी, मी डॉक्टर शे," त्या म्हणाल्या. म्हातारी बघतच राहिली. मग त्या माझ्या मेहुण्याकडे वळल्या. "आत दोन डॉक्टर असणार. ऑपरेशन करणाऱ्या मोठ्या मॅडमना तुम्ही भेटलात. दुसरी मी. माझं नाव प्रज्ञा सुरवाडे. नीट लक्षात ठेवा."

मेहुणा गडबडला. "हो हो मॅडम. पैशाचं काही...?"

"पैशाचं नाही. काही चुकलं तर एकट्या त्यांना धरायचं नाही. मलाही धरायचं. म्हणून नाव सांगायला आले."

त्या उठल्या, मास्क वर केला आणि खांद्याने दार ढकलून आत गेल्या.